अक्षरामागे आठ रुपये

मलकापूर स्टेशनावर उतरताना तुमचा हात सवयीनं खिशात जातो आणि रिकामाच बाहेर येतो. मोबाइल नाही. फलाटावरच्या बुकस्टॉलला लटकवलेल्या वर्तमानपत्रात हर्षद मेहताचा फोटो आहे, तारीख जून १९९२ची. स्टेशनाबाहेर एसटीडी बूथची पिवळी पाटी, तिच्याखाली रांग. बुलढाण्याला रेल्वे नाही, त्यामुळे पुढचा रस्ता एसटीचा. मोताळा मागे पडतं, राजूर घाट लागतो, गाडी खालच्या गिअरवर कण्हत चढू लागते आणि खिडकीतून येणारं वारं एकाएकी गार होतं. पूर्णेच्या खोऱ्यातली उकड खाली राहिली. शेजारच्या सीटवरच्या बाई मांडीवरची बियाण्याची पिशवी सावरत विचारतात, "मृग लागला, पण पाणी कुठं हाये?" तुमच्याकडे उत्तर नसतं.

जयस्तंभ चौकातून चालत तुम्ही एका कचेरीच्या मागच्या बाजूला पोचता. कौलारू व्हरांडा, भिंतीला लागून दप्तरांची कापडी गाठोडी, आणि एका बंद दारासमोर चपलांची रास. कचेरीतली एअर कंडिशनर असलेली ही एकच खोली. साहेबांच्या केबिनलासुद्धा पंखा आहे, पण कॉम्प्युटरला थंडी लागते. तुम्हीही चपला काढता. दार उघडताच थंड हवेबरोबर उदबत्तीचा वास येतो. मॉनिटरच्या कडेला कुंकवाचं बोट लावलेलं आहे.

"तुम्हीच का ते पुण्याहून येणारे?" ऑपरेटर ताई विचारतात. तुम्ही मान हलवता, कारण खरं सांगून उपयोग नाही.

अडचण अशी आहे. जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांची गाववार यादी भिंतीपलीकडच्या खोलीत युनिक्सवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात भरून झाली आहे. या खोलीत नवा पीसी आहे आणि त्यात मराठीसाठी बसवलेलं जिस्ट कार्ड. दोन्ही यंत्रांच्या मध्ये भिंतीला भोक पाडून ओढलेली सिरियल केबल. तिच्यातून यादी इकडे आणायची, पडद्यावर तपासायची, छापायची, आणि सकाळच्या गाडीनं अमरावतीला पाठवायची. ताई बटण दाबतात. पडद्यावर ओळी उमटू लागतात.

"साहेब, हे काहून इंग्रजी येऊन राह्यलं?" दारातून शिपाई विचारतो. "ताईनं तं मराठीच टाकलं होतं. व्हायरस असंल."

तुम्ही खुर्ची ओढून बसता. पहिल्या ओळीत 'बुलढाणा' असायला हवं. तिथे आहे: इंग्रजी जे, मग उजवा चौकोनी कंस, क्यू, दरासमोर लिहितात ते ॲटचं चिन्ह, झेड, ए, आणि पुन्हा झेड. सात चिन्हं. बुलढाणा सुटं करून लिहिलं, म्हणजे ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना असं, तर तेही सातच. तुम्ही पुढच्या ओळी पाहता. लोणार: क्यू, छोटा ई, ए, झेड, ओ. मेहकर: एल, छोटा ए, एक्स, तीनचा आकडा, ओ. मलकापूरचा शेवटही ओ. लोणार, मेहकर, मलकापूर, तिन्हींचं शेवटचं अक्षर र, आणि तिन्हींच्या शेवटी ओ. बुलढाण्यात जिथे जिथे काना तिथे तिथे झेड. लोणारात एक काना, एक झेड. खामगावात दोन काने, दोन झेड.

म्हणजे यादी बिघडलेली नाही. कुणीतरी प्रत्येक अक्षराला तेच माप लावून कापलं आहे, आणि कापणारा नेमाचा पक्का आहे.

ही गोष्ट तुमच्याआधी खोलीतल्या एका माणसाच्या लक्षात येते. भिंतीशी स्टुलावर नाझरसाहेब बसले आहेत. कचेरीची रोकड त्यांच्या हाताखाली; निवृत्तीला थोडेच महिने राहिलेले. उद्याच्या गाडीचा खर्च त्यांना मंजूर करायचा असतो, म्हणून ते थांबलेत. "र चा ओ होतो, काना चा झेड होतो," ते म्हणतात, "म्हणजे ही चूक नाही, हा हिशेब आहे. आकडे दाखवा."

आकडे ताईंच्या टेबलावरच्या माहितीपुस्तकात आहेत. ते पुस्तक पुण्याच्या सी-डॅकचं. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेचं नाव वर्तमानपत्रांत परम महासंगणकामुळे गाजलं, पण तालुक्याच्या कचेऱ्यांना तिची ओळख या हिरव्या कार्डामुळे होणार आहे. त्याची बीजं आयआयटी कानपूरमध्ये रुजली, मोहन तांबे यांनी सहकाऱ्यांबरोबर त्याच्यावर तिथे काम केलं आणि पुढे पुण्यात ते तडीला नेलं. आणि आत्ता, तुम्ही बसलात त्याच्या आदल्याच वर्षी, भारतीय मानक ब्यूरोनं 'इस्की' ही संकेतावली मानक म्हणून स्वीकारली आहे: आयएस १३१९४, १९९१. तिचा मोठेपणा साधा आहे. क ला एकच आकडा, मग तो देवनागरी असो, गुजराती असो की तेलुगू. लिपी कोणती दाखवायची हे वेगळं ठरवायचं, अक्षर मात्र सगळ्या देशात एक. ज्यांनी हे बसवलं त्यांनी आधी वर्णमाला समजून घेतली होती, हे त्या तक्त्याच्या दर ओळीत दिसतं. क, ख, ग, घ, ङ ओळीनं येतात. ऱ आणि ळ यांनाही स्वतःच्या जागा आहेत.

तक्त्यात ब समोर छापलंय: सीए.

"हा कसला आकडा?" नाझरसाहेब विचारतात.

तुम्ही सांगायला लागता की यंत्र आठ खुणा एकत्र घेतं, प्रत्येक खूण शून्य किंवा एक. आठ खुणा लिहिणं लांबतं म्हणून चार-चारचे दोन गट करतात. चार खुणांतून सोळा आकडे होतात, शून्य ते पंधरा. नऊच्या पुढे आकडे संपतात म्हणून दहाला ए, अकराला बी, असं पंधराला एफ. तुम्हाला वाटतं हे समजायला वेळ लागेल. नाझरसाहेब मधेच हात वर करतात.

"सोळाला हातचा एक. म्हणजे आणे."

तुम्ही गप्प होता. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले तेव्हा हा माणूस विशीत होता. त्याचं पाढ्यांचं वय सोळा आण्यांच्या रुपयात गेलं. सव्वा रुपया वीस आणे, अडीच रुपये चाळीस आणे, हे त्याला मांडावं लागत नाही, दिसतं. "डावा आकडा रुपये, उजवा आणे," ते स्वतःशीच म्हणतात आणि कागद पुढे ओढतात. "सी म्हणजे बारा, ए म्हणजे दहा. ब ची किंमत बारा रुपये दहा आणे. आता तो इंग्रजी जे, त्याची किंमत?"

पुस्तकात शोधता. चार ए.

"चार रुपये दहा आणे." पेन्सिल चालू होते. उकार डीडी, तेरा रुपये तेरा आणे. त्याजागी आलेला कंस पाच डी, पाच रुपये तेरा आणे. ल तेरा रुपये एक आणा, क्यू पाच रुपये एक आणा. ढ बरोबर बारा रुपये, ॲटचं चिन्ह बरोबर चार. काना तेरा रुपये दहा आणे, झेड पाच रुपये दहा आणे. ण बारा रुपये एक आणा, इंग्रजी ए चार रुपये एक आणा.

नाझरसाहेब चष्मा काढतात. "आणे सगळे जागच्या जागी आहेत. रुपयांत मार आहे. दर अक्षरामागं आठ रुपये. कोणी तरी मधात आठ रुपये काढून राह्यलं."

आठ रुपये, म्हणजे सोळानं गुणून १२८. आठ खुणांमधली सगळ्यात डावीकडची, सगळ्यात मोठी खूण: आठवा बिट. त्या खोलीत हा शब्द कुणी उच्चारण्याआधी त्याची वजाबाकी कागदावर झाली आहे.

त्या तक्त्यात अजून एक गोष्ट आहे आणि ती एकदा दिसली की डोळ्यांपुढून हलत नाही. इंग्रजीचा सगळा संसार, मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, विरामचिन्हं, सात रुपये पंधरा आण्यांत संपतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत ही संकेतावली, ॲस्की, ठरली तेव्हा सात बिटांत, १२८ जागांत, त्यांचं सगळं मावलं. आठवा बिट मोकळा राहिला, तो तारेवरची चूक पकडण्यासाठी वापरायची पद्धत पडली. आपली लिपी सुरू होते दहा रुपये एक आण्यापासून, चंद्रबिंदूपासून. मराठीचं एकही अक्षर, एकही मात्रा, एकही अनुस्वार आठ रुपयांच्या खाली नाही. इस्की ठरवणाऱ्यांनी हे मुद्दाम केलं, इंग्रजीला धक्का न लावता शेजारी राहता यावं म्हणून. त्यामुळे मराठीची भिस्त त्या एका खुणेवर आली. ती गेली की भाषा पुसली जात नाही, तिची इंग्रजी होते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात जास्त लागते: पडद्यावर कोणतीही सूचना येत नाही, यंत्र अडत नाही, फाइलची लांबी एका चिन्हानंही कमी होत नाही. सगळं सुरळीत आहे, फक्त बुलढाणा नाही.

आता आठ रुपये कुठे गळतात ते शोधायचं. पलीकडच्या यंत्राच्या पडद्यावर यादी नीट दिसते, हे ताईंनी सकाळीच पाहिलं आहे. तेव्हा गळती वाटेत किंवा या पीसीच्या दारात.

तुम्ही डॉसच्या काळ्या पडद्यावर 'डीबग' टाइप करता. उत्तरादाखल नुसती एक आडवी रेघ येते आणि थांबते. या काळातला हा प्रोग्राम तुम्हाला यंत्राच्या थेट कप्प्यांपर्यंत नेतो, मध्ये कुणी नाही. सिरियल केबल जिथे पीसीला मिळते तिथे एक चिप आहे, आणि तारेवरून येणारं एकेक अक्षर कसं वाचायचं हे तिच्या एका कप्प्यात लिहिलेलं असतं. पहिल्या सिरियल पोर्टसाठी त्या कप्प्याचा पत्ता ३एफबी. तुम्ही आय लिहिता, वाचण्यासाठी, आणि पुढे पत्ता. एंटर.

१ए.

"एक रुपया दहा आणे," नाझरसाहेब मागून म्हणतात.

हीच ती मेख. कागदावर तुम्ही त्या दोन आकड्यांच्या आठ खुणा मांडता: शून्य, शून्य, शून्य, एक, एक, शून्य, एक, शून्य. आता उजवीकडून वाचायचं, कारण खुणांची मोजणी उजवीकडून होते. उजवीकडच्या पहिल्या दोन खुणा अक्षराची लांबी सांगतात: एक-शून्य असेल तर सात बिट, एक-एक असेल तर आठ. इथे एक-शून्य आहे. तिसरी खूण शून्य, म्हणजे अक्षर संपल्याची निशाणी एकच. चौथी एक: पॅरिटी तपासा. पाचवी एक: ती सम धरा, म्हणजे अक्षरातल्या 'एक'ची एकूण संख्या सम भरली पाहिजे. एवढ्याशा आकड्यात चिपला पूर्ण हुकूम दिलेला आहे: सात बिट अक्षर म्हणून घे, आठवा आला की तो पहारेकरी समज.

पलीकडचं यंत्र मात्र आठही बिट अक्षराचे म्हणून पाठवतंय, पॅरिटी नाही. दोन्हीकडे मिळून एका अक्षराला तारेवर दहाच ठोके लागतात: सुरुवातीचा एक, मधले आठ, शेवटचा एक. लांबी जुळते म्हणून कुणाला संशय येत नाही. आणि बिट लहानापासून मोठ्याकडे जातात, म्हणजे मराठीचा तो आठवा बिट सगळ्यांच्या शेवटी निघतो, भिंतीतल्या भोकातून सुखरूप येतो, पीसीच्या दारापर्यंत पोचतो. तिथे त्याला अक्षरात घेत नाहीत, तपासणीला उभा करतात. तपासणीही कशी, तर ब, उकार, ल आणि ढ यांच्या 'एक'ची संख्या योगायोगानं सम भरते, ते चौघे सुटतात. काना आणि ण यांची विषम भरते, ते दर वेळी सदोष ठरतात. फाइल आणणारा छोटा प्रोग्राम त्या तक्रारीकडे काणाडोळा करतो. काना असा दिवसभर सदोष ठरत आला आहे आणि कुणाला पत्ता नाही.

"मग आता?" ताई विचारतात.

आठ बिट, पॅरिटी नाही, शेवटची निशाणी एक: शून्य-शून्य-शून्य-शून्य, शून्य-शून्य-एक-एक. नुसते तीन आणे. तुम्ही ओ लिहिता, पाठवण्यासाठी, मग ३एफबी, मग ३. एंटर. मग क्यू. काही घडल्याची खूण दिसत नाही. ताई पुन्हा फाइल मागवतात.

पहिली ओळ येते: बुलढाणा. दुसरी: चिखली, वेलांटीसकट, ती तारेवरून ख च्या आधी, च च्या नंतर आली, आणि कार्डानं तिला च च्या आधी नेऊन बसवलं. तिसरी: देऊळगाव राजा. शिपाई दारातून आत येतो, चपला काढायच्या विसरून.

ही दुरुस्ती यंत्र बंद केलं की जाईल, म्हणून तुम्ही सुरू होताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये एक ओळ घालता: मोड, कॉम१, ९६००, एन, ८, १. ताई ती ओळ रजिस्टरमध्ये उतरवून घेतात, तारीख घालून. त्यांचं अक्षर सुंदर आहे.

अर्धं काम झालं. छपाई उरली.

प्रिंटर म्हणजे १३२ कॉलमचं धूड. कडेला भोकं असलेला घडीचा कागद खालच्या खोक्यातून वर येतो, डोक्यात एकाखाली एक नऊ सुया, आणि चालू झालं की बोलणं बंद करावं लागेल असा आवाज. यादी छापायला दिली की पहिल्या ओळीत मराठीचे चार तुकडे येतात, मग इंग्रजी अक्षरांचा लोंढा, मग पुन्हा तुकडे. शिपाई कागद फाडून बाजूला ठेवतो. घरी पोरांच्या वह्यांना होईल.

पडद्यावर बरोबर, कागदावर चूक. तुम्ही प्रिंटरचं मागचं झाकण काढता. आत पांढऱ्या इवल्या स्विचांच्या दोन रांगा आहेत, नखानं किंवा पेनाच्या टोकानं सरकवायचे. डिप स्विच. प्रत्येकाची जागा वर किंवा खाली, म्हणजे एक किंवा शून्य. रांग म्हणजे पत्र्याच्या पेटीत कायमचा लिहून ठेवलेला एक आकडा. गोंधळ असा की स्विचांना नंबर डावीकडून दिलेले असतात आणि बिट मोजतात उजवीकडून. या एका उलटसुलटीनं किती रात्री खाल्ल्या असतील याची गणती नाही.

माहितीपुस्तकातलं या स्विचांचं पान तुम्ही वाचता आणि एका ओळीवर थांबता. तीन स्विच मिळून देश ठरतो. तीन खुणांतून आठ जुळण्या: अमेरिका, फ्रान्स, जर्मनी, इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडन, इटली, स्पेन. त्या काळच्या बऱ्याच प्रिंटरांत हेच आठ. इंग्लंडची जुळणी लावली की हॅशच्या जागी पौंडाचं चिन्ह येतं. जर्मनीची लावली की उजव्या चौकोनी कंसाच्या जागी दोन टिंबांचा यू येतो. म्हणजे मघाशी बिघडलेलं बुलढाणा या कागदावर जर्मन थाटात छापता आलं असतं, उकाराच्या जागी जर्मन यू घेऊन. तीन स्विच भरले, आठ देश झाले. नवव्याला चौथा स्विच लागला असता आणि तो पेटीत नाही. ज्यांनी ही पेटी बनवली त्यांनी कुणाला वगळायचं म्हणून वगळलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या टेबलावर नववं पत्र आलंच नसेल. पण बुलढाण्याच्या खोलीत याचा परिणाम तोच होतो, आणि म्हणूनच सी-डॅकसारख्यांनी प्रिंटरकडे अक्षरं मागण्याचा नाद सोडून वेगळी वाट काढली: अक्षर पाठवायचंच नाही, अक्षराचं चित्र पाठवायचं.

चित्राची भाषा सुयांना कळते. एका उभ्या रेघेत नवापैकी आठ सुया, प्रत्येकीसाठी एक बिट: सगळ्यात वरच्या सुईची किंमत १२८, तिच्याखाली ६४, मग ३२, असं खाली एकपर्यंत. तुम्ही बेसिक उघडता आणि हातानं एक अक्षर काढायचं ठरवता. प सोपा आहे. सहा उभ्या रेघांत होतो. पहिल्या रेघेत फक्त वरची सुई, शिरोरेषेचं टोक: ८०. दुसऱ्या रेघेत वरच्या चार, डावा उभा दांडा: एफ०. तिसऱ्या आणि चौथ्या रेघेत शिरोरेषा आणि पोटाची आडवी रेघ: ८८, ८८. पाचव्यात आठही सुया, मुख्य दांडा: एफएफ. सहाव्यात पुन्हा नुसती शिरोरेषा: ८०. त्याआधी प्रिंटरला इशारा: एस्केप, के, सहा, शून्य, म्हणजे पुढचे सहा आकडे अक्षर नव्हे, चित्र.

नाझरसाहेब आकडे वाचतात. "आठ रुपये, पंधरा रुपये, आठ रुपये आठ आणे, पुन्हा तेच, पंधरा रुपये पंधरा आणे, आठ रुपये." मग थांबतात. "सहाच्या सहांत आठ रुपये आहेत."

असणारच. वरची सुई म्हणजे शिरोरेषा, आणि वरच्या सुईची किंमत १२८. तुम्ही काढलेल्या या अक्षरात शिरोरेषा आणि आठवा बिट एकच आहेत.

प्रिंटर कर्र करतो. कागदावर एक बारकं अक्षर उमटतं. ताई वाकून पाहतात. "हा तर गुजराती प आहे."

दांडा आहे, पोट आहे, डोक्यावरची रेघ नाही. गुजराती लिपीत ती नसतेच, म्हणून ते अक्षर चुकीचंही दिसत नाही, परकं दिसतं. आणि छपाईतला गोंधळही आता उलगडतो: कार्ड प्रिंटरला सांगतं की दोनशे उभ्या रेघा येतील; दोनशे म्हणजे सी८, बारा रुपये आठ आणे; त्यातले आठ रुपये गळून उरतात ४८, म्हणजे बहात्तर. प्रिंटर बहात्तर रेघा चित्र म्हणून काढतो आणि उरलेल्या एकशे अठ्ठावीस इंग्रजी अक्षरं समजून छापून टाकतो. तुकडा, लोंढा, तुकडा.

झाकणाखाली दुसऱ्या रांगेत तो स्विच सापडतो. पुस्तकात त्याच्यासमोर एवढंच लिहिलंय: सात बिट, आठ बिट. केबलमध्ये आठही तारा आहेत, आठव्या तारेवर विजेचा ठोका येतोय, आणि हा स्विच सांगतोय की तिकडे बघू नको. तुम्ही पेनाच्या टोकानं तो सरकवता. पुन्हा छापता. पुन्हा गुजराती प. खोलीत क्षणभर सगळ्यांचा धीर सुटतो. मग तुम्हाला आठवतं: प्रिंटर हे स्विच चालू होतानाच वाचतो, नंतर बघत नाही. मागचं बटण बंद, दहापर्यंत मोजणं, चालू. डोकं डावीकडे जाऊन ठेच लागल्यासारखं थांबतं. पुन्हा सहा आकडे.

शिरोरेषा.

यादी छापायला रात्र लागते, कारण चित्र काढत जाणारा प्रिंटर अक्षरं छापणाऱ्या प्रिंटरच्या मानानं फार सावकाश चालतो. ताई पानं जुळवतात, शिपाई कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडतो. नाझरसाहेब खर्चाच्या व्हाउचरवर सही करतात, आणि घरी जाण्याआधी तुम्हाला एक प्रश्न विचारतात, तो तुमच्याबरोबर येतो: "हे स्विच आम्ही घेताना कोण ठरवून देतं? मशीन खोक्यातून निघालं तेव्हाच सात होतं ना?"

दार उघडून बाहेर पाऊल टाकता, तर व्हरांडा नाही. पायाखाली ओलं रान, हरभऱ्याचा वास, कडाक्याची थंडी. चिखलीहून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचं शेत, नोव्हेंबर २००९. भारनियमनाचे दिवस, शेताच्या मोटारींना वीज रात्रीच मिळते, म्हणून सगळं शिवार रात्री जागं. विहिरीवरच्या लोखंडी पेटीत स्टार्टरशेजारी एक नवं खोकं बसवतायत. त्यात सिमकार्ड आहे. वीज आली की मोटार आपोआप सुरू होईल आणि घरी फोनवर मेसेज जाईल. साप-विंचवाच्या रानात दर तासाला येऊन पाहायची गरज नाही. ज्या घरात कुणी रात्री पाणी द्यायला गेलेला परत आला नाही, त्या घराला या खोक्याची किंमत सांगावी लागत नाही.

बांधावर लॅपटॉप मांडून बसलेला मेकॅनिक पोरगा तुम्हाला बॅटरी धरायला लावतो. मेसेज जातोय, पण मराठीत लिहिला की शेतमालक आजोबांच्या फोनवर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. "इंग्रजीतच ठेवतो बाबा, मोटर ऑन," तो म्हणतो.

"मले इंग्रजी वाचता येत असतं तं तुले कशाला बलावलं असतं?" आजोबा म्हणतात. बरोबर आहे.

पडद्यावर पोरानं खोक्याला दिलेला हुकूम आहे: एटी, अधिक, सीएसएमपी, बरोबर, १७, १६७, ०, ०. अक्षरसंच त्यानं यूसीएस२ लावला आहे, तेवढं त्याला ठाऊक आहे. पण या चार आकड्यांत प्रत्येक आकडा पुन्हा आठ-आठ खुणांचा. १६७ म्हणजे ए७, फोन बंद असेल तर मेसेज चोवीस तास धरून ठेव. शेवटचा आकडा सांगतो की अक्षरं किती बिटांची. शून्य म्हणजे सात बिटांची, ठरलेल्या संचातली, ज्यात मराठी नाही. एका मेसेजमध्ये १४० बाइट मावतात. सात बिटांनी भरले तर १६० अक्षरं, सोळा बिटांनी भरले तर ७०. जगानं शून्य हा नेहमीचा धरला, कारण ज्यांनी धरला त्यांना १६० मिळत होती. इतक्या वर्षांनी, दुसऱ्या यंत्रात, दुसऱ्या कप्प्यात तोच सात.

तुम्ही शेवटचं शून्य खोडून आठ लिहायला सांगता. आठ म्हणजे शून्य-शून्य-शून्य-शून्य, एक-शून्य-शून्य-शून्य. उजवीकडून तिसऱ्या-चौथ्या खुणेची जोडी एक-शून्य झाली की खोकं प्रत्येक अक्षराला सोळा बिट देतं, युनिकोडचे. या संकेतावलीत देवनागरीचा पट्टा १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि तो इस्कीच्याच क्रमानं लावलेला आहे. मघाचा तक्ता नव्या पत्त्यावर राहायला गेला एवढंच. म चा पत्ता ०९२ई, ओकार ०९४बी, ट ०९१एफ. पोरगा मेसेज या पत्त्यांत बदलून पाठवतो: मोटार सुरू झाली आहे.

आजोबांचा फोन वाजतो. ते तो डोळ्यांपासून लांब धरतात, बॅटरी मागतात, ओठ हलवत वाचतात. मग फोन पोराकडे परत देतात.

"हे कोण बोलते असं? आमच्याकडं असं कोणी बोलत नाही. 'मोटर चालू हाये' लिही."

पोरगा तुमच्याकडे बघतो. तुम्ही मोजता: मोकळ्या जागा धरून चौदा अक्षरं, प्रत्येकाचे चार असे छप्पन्न आकडे. चौदा अक्षरं सत्तरात बसतात, मागे भरपूर जागा उरते. "मग त्यात 'पाणी पडते का नाही' तेही टाक," आजोबा म्हणतात, "मोटर चालू राह्यते आन् पाणी नसते, असं दर महिन्याला होते." पोरगा सांगतो की त्याला वेगळा सेन्सर लागेल. दोघं किमतीवर घासाघीस करू लागतात, आणि तुम्ही बॅटरी धरून पहिले चार आकडे सांगता: ०९२ई.